न बोलणाऱ्याचे ऐकणे : जपानी विद्या, मानसशास्त्र आणि प्रौढ स्वमग्न
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त लालबाग, बुऱ्हाणपूर येथे दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्सवात ग्रंथांविषयी बोलावे हे सर्वथा उचित होय. परंतु आजचा विषय ऐकून काही सभासदांच्या मनात शंका आली असेल. जपानी भाषा आणि वाङ्मय, मानसशास्त्र आणि वयाने वाढलेल्या स्वमग्न माणसांची सोबत, या तिहींचा एकमेकांशी संबंध काय? आणि तिहींचाही बुऱ्हाणपूरच्या या लालबागेशी संबंध काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. लालबाग हे नाव ज्या बागेवरून पडले, तिचा संबंध खानखानान अब्दुर्रहीम यांच्याशी सांगितला जातो. ते मुघलांचे सेनापती आणि हिंदी दोह्यांचे कवी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण ते भाषांतरकारही होते. बाबराने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिले होते. त्याच्या नातवाच्या दरबारात ती भाषा नीट जाणणारे थोडेच उरले होते. १५८९ साली रहीमांनी तो ग्रंथ फारसीत आणला आणि आजोबांचे मनोगत नातवाच्या दरबाराला कळले. जे मन आपल्याला कळत नाही ते कळणाऱ्या भाषेत आणणे, हा उद्योग या गावाच्या इतिहासाला परका नाही. आजचा विषयही तोच आहे. फरक एवढाच की येथे जे मन कळत नाही ते परक्या मुलखातले नसून पुष्कळदा आपल्याच घरातले असते.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. जपानी भाषेत याच स्थितीला 'जिहेइशो' म्हणतात. हा शब्द तीन चिन्हांनी लिहिला जातो. पहिल्याचा अर्थ स्वतः, दुसऱ्याचा मिटणे किंवा बंद होणे, तिसऱ्याचा विकार. दोन्ही शब्दांचे मूळ युजेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ साली वापरलेल्या 'ऑटिझम' या शब्दात आहे. आणि दोन्ही शब्द एकच चित्र उभे करतात. माणूस आपल्या खोलीत बसला आहे आणि त्याने आतून कडी लावली आहे, असे ते चित्र. हे चित्र कितपत खरे आहे, हा आजच्या विवेचनाचा पहिला प्रश्न होय.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेथून या स्थितीचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, ठरलेला क्रम मोडला की कासावीस होत, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारत. पुढे काही दशके मानसशास्त्राने मोठा अन्याय केला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असा सिद्धान्त प्रचलित झाला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने त्याला बळ दिले. वस्तुतः त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी या स्थितीचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असे मांडले होते. रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. काळाने त्यांची बाजू खरी ठरवली. परंतु तोवर असंख्य मातांनी न केलेल्या अपराधाचे ओझे वाहिले होते. आपल्याकडे तर अजूनही नातेवाईक अशा आईला, 'तुझेच काही चुकले असेल', असे सहज बोलून जातात.

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याची पुढची कहाणी फारशी सांगितली जात नाही. डोनाल्ड मोठा झाला, महाविद्यालयात शिकला, पदवीधर झाला, गावातल्याच बँकेत त्याने अनेक वर्षे काम केले, मोटार चालवली, गोल्फ खेळला, दूरदूरचे प्रवास केले. २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. कुटुंबाची सुस्थिती हे त्यामागचे एक कारण होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दुसरे कारण असे की गावाने त्याला आपला मानले होते. त्याच्या लकबी गावाला ठाऊक होत्या आणि गावाने त्या चालवून घेतल्या.

स्वमग्न मुलांविषयी आज पुष्कळ बोलले जाते. पण ही मुले मोठी होतात, त्यांचे केस पिकतात, ही साधी गोष्ट समाज विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांत एक व्यक्ती स्वमग्न होती. यातील प्रौढांची गणना कोण करतो? आपल्या पिढीत तर अनेकांचे निदानच झालेले नाही. कुणाला गावाने 'खुळा' म्हटले, कुणाला 'तऱ्हेवाईक', कुणाला 'घुम्या'. नाव काहीही पडले, तरी ती माणसे तीच होती.

आता जपानकडे वळू. जपानी मनाचा अभ्यास करणाऱ्यांत ताकेओ दोई (१९२०–२००९) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते मनोविकारतज्ज्ञ. पन्नासच्या दशकात ते अमेरिकेत गेले असता एका परिचिताकडे भेटीस गेले. यजमानाने विचारले, भूक लागली आहे काय, आइस्क्रीम घेणार काय? दोईंना भूक होती. पण प्रथमच भेटलेल्या माणसाकडे हो म्हणणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. ते नको म्हणाले. यजमान पुन्हा आग्रह करील ही त्यांची अपेक्षा होती. यजमानाने 'बरे' म्हटले आणि विषय संपला. दोई उपाशी राहिले. त्या उपासातून पुढे एक विचार जन्मास आला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९७१ साली त्यांनी 'आमाए' या कल्पनेवर ग्रंथ लिहिला आणि तो जगभर वाचला गेला.

'आमाए' म्हणजे समोरच्याच्या प्रेमावर हक्काने विसंबणे. आपण न मागता तो आपले मन ओळखील आणि लाड पुरवील असे गृहीत धरणे. या शब्दाचे नाते 'आमाइ' म्हणजे गोड या जपानी शब्दाशी आहे. मराठी माणसाला हे समजण्यास दोईंचा ग्रंथ वाचण्याचीही गरज नाही. आपल्या 'लाडीगोडी' या शब्दात लाडाच्या शेजारी गोडी बसलेलीच आहे. आपल्याकडे पाहुण्याने तीनदा नको म्हणावे आणि चौथ्यांदा यजमानाने पानात वाढावे, ही रीत. नको म्हणताच ताट उचलणारा यजमान खानदेशात आणि निमाडात सारखाच बदनाम होतो. जपान्यांचा आणखी एक शब्दप्रयोग आहे, 'हवा वाचणे'. चार माणसांत कोणी काही बोलत नसले तरी वातावरणात काय आहे ते ओळखून वागणे, हे तेथे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानतात. २००७ च्या सुमारास 'हवा वाचता न येणारा' ही तेथील तरुणांच्या तोंडची शिवीच झाली होती.

येथे आजचे तिन्ही विषय एकत्र येतात. स्वमग्न माणसाला बहुधा हीच हवा वाचता येत नाही. सूचक बोलणे, अर्धे वाक्य, भुवईचा इशारा, तोंडाने नको आणि मनात हो, हे सारे त्याच्यासाठी परक्या लिपीसारखे असते. तो नको म्हणतो तेव्हा त्याला नकोच असते. आपण त्याला 'बघू नंतर' म्हणतो तेव्हा तो नंतर बघण्याची वाट पाहत बसतो. ज्या समाजात न बोलता समजून घेणे हाच प्रेमाचा पुरावा मानतात, त्या समाजात स्वमग्न प्रौढाची कोंडी अधिक होते. त्याच्यावर उद्धटपणाचा, थंडपणाचा, मायेचा ओलावा नसल्याचा आरोप येतो. म्हणून अशा माणसांना साहाय्य करू इच्छिणाऱ्याला केवळ मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक पुरत नाही. ज्या समाजात तो माणूस राहतो त्या समाजाचे न लिहिलेले नियम त्याला शब्दांत मांडता आले पाहिजेत. परकी भाषा आणि संस्कृती कष्टाने शिकलेल्या अभ्यासकाला ही कला अवगत असते. जे जपान्यांना उपजत ठाऊक असते ते त्याने एकेक नियम करून शिकलेले असते. स्वमग्न माणूस जन्मभर हेच करीत असतो, तेही आपल्याच मातृभाषेत.

जपानमध्ये स्वमग्नतेची पहिली नोंद १९५२ साली ताएको वाशिमी यांनी मांडली. पुढील काळात तेथे दोन भिन्न प्रवाह दिसतात. पहिला कियो किताहारा यांचा. या शिक्षिकेने १९६४ साली टोकियोजवळच्या मुसाशिनो येथे बालवाडी काढली आणि स्वमग्न मुलांना इतर मुलांबरोबर बसवले. भरपूर व्यायाम, संगीत, दिनक्रमाची शिस्त आणि समूहात राहून अनुकरणाने शिकणे, हे त्यांच्या 'दैनंदिन जीवनोपचारा'चे सूत्र होते. १९८७ साली अमेरिकेत बोस्टन येथेही त्यांच्या पद्धतीची शाळा निघाली. या पद्धतीला पुरेसा स्वतंत्र पुरावा नाही आणि ती समूहाच्या साच्यात व्यक्तीला बसवते, असे आक्षेप तिच्यावर घेतले गेले आणि ते विचारार्ह आहेत.

दुसरा प्रवाह मासामी सासाकी (१९३५–२०१७) या बालमनोविकारतज्ज्ञांचा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी 'टीच' या नावाची पद्धती उभी केली होती. सासाकींनी ती ऐंशीच्या दशकात जपानात आणली. तिचे मर्म असे की माणसाला बदलण्याआधी त्याच्या भोवतालची मांडणी बदलावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. कोणते काम कोठे, किती आणि ते संपल्यावर पुढे काय, हे डोळ्यांना दिसेल असे ठेवावे. ऐकलेले निसटते, पाहिलेले टिकते. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी गृहिणी आणि ग्रंथांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणारा ग्रंथपाल यांना यात नवल वाटू नये.

जपानला आदर्श म्हणून डोक्यावर घेणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. तेथे १९४८ पासून १९९६ पर्यंत असा कायदा होता की ज्याच्या आधारे सुमारे पंचवीस हजार लोकांची संततिनिरोधक शस्त्रक्रिया झाली. त्यात अपंग आणि मनोविकार असलेली माणसे मोठ्या संख्येने होती आणि बहुसंख्यांची संमतीही घेतली गेली नव्हती. २०२४ च्या जुलैत तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. २०१६ च्या जुलैत सागामिहारा येथील निवासी संस्थेत एका माजी कर्मचाऱ्याने एकोणीस अपंग व्यक्तींची हत्या केली. मृतांची नावे पोलिसांनी कुटुंबांच्या इच्छेवरून प्रसिद्ध केली नाहीत. मेल्यावरही ज्यांची नावे झाकावी लागतात त्यांचे जिवंतपणीचे स्थान काय असेल, हा प्रश्न त्या देशाला तेव्हा फार बोचला. तो आपल्यालाही बोचावा.

अशा समाजात एका लेखकाने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. केन्झाबुरो ओए यांना १९६३ च्या जूनमध्ये पहिला मुलगा झाला. त्याच्या कवटीला जन्मतः व्यंग होते. शस्त्रक्रिया केली तरी मूल बुद्धीने अधू राहील असे डॉक्टरांनी सांगितले. अठ्ठावीस वर्षांचा बाप गोंधळून गेला. त्याच उन्हाळ्यात ते हिरोशिमास गेले आणि अणुबॉम्बने होरपळलेल्यांची शुश्रूषा करणारे डॉक्टर त्यांनी पाहिले. आशा नसतानाही काम करीत राहणारी ती माणसे पाहून त्यांनी आपल्या मुलासह जगण्याचा निश्चय केला. मुलाचे नाव हिकारी, म्हणजे प्रकाश, ठेवले. १९६४ साली 'एक वैयक्तिक बाब' अशा अर्थाच्या शीर्षकाची त्यांची कादंबरी आली. अशा मुलाच्या मरणाची वाट पाहणारा बाप तिच्यात आहे; लेखकाने त्याला सोज्ज्वळ करून दाखवलेले नाही.

हिकारी बोलत नसे. बुद्धीचे अधूपण, अपस्मार, दृष्टिदोष आणि स्वमग्नतेची लक्षणे त्याच्यात होती. माणसांच्या आवाजाकडे त्याचे लक्ष नसे, पण पाखरांच्या आवाजाकडे असे. म्हणून घरच्यांनी पक्ष्यांच्या आवाजांची तबकडी आणली. तिच्यात आधी पक्ष्याचा आवाज आणि मग निवेदकाच्या तोंडून त्याचे नाव येई. सहा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात तो रानातल्या घरी होता. तळ्याकडून पाणकोंबडीच्या कुळातल्या एका पक्ष्याचा आवाज आला आणि हिकारीने तबकडीतल्या निवेदकाच्या सुरात त्याचे नाव सांगितले. ते त्याचे पहिले शब्द. ही हकिकत ओए यांनी १९९४ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात जगापुढे सांगितली.

पुढे हिकारी संगीत शिकला. १९९२ साली त्याच्या रचनांची तबकडी निघाली आणि श्रोत्यांनी ती मोठ्या संख्येने घेतली. अपंगांच्या कार्यशाळेत जाऊन तो साधे कामही करी. नोबेलच्या वेळी ओए यांनी जाहीर केले की आता कादंबरीलेखन थांबवावे. मुलाला त्याचा स्वतःचा आवाज मिळाला आहे. काही वर्षांनी ते पुन्हा लिहू लागले, हा भाग वेगळा. परंतु त्या घोषणेत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जो बोलत नाही त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठवर आहे? बाप असो, डॉक्टर असो वा लेखक, त्याने कोणत्या क्षणी गप्प बसावे? प्रौढ स्वमग्नांच्या सोबतीत हा प्रश्न दररोज उभा राहतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू नाओकी हिगाशिदा यांच्या पुस्तकात आहे. त्यांचा जन्म १९९२ चा. बोलून संवाद साधणे त्यांना अवघड. आईच्या साहाय्याने अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून त्यांनी तेराव्या वर्षी पुस्तक रचले. ते जपानीत २००७ साली आले. आपण उड्या का मारतो, डोळ्यांत का पाहत नाही, तेच तेच प्रश्न का विचारतो, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. माणसांची संगत आपल्याला नको असते हा समज खोटा आहे, असे त्या पुस्तकाचे सांगणे आहे. म्हणजे 'जिहेइशो' या शब्दातील आतून लावलेली कडी हा मुलगा नाकारतो.

हे पुस्तक इंग्रजीत कसे आले, ते येथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. इंग्रज कादंबरीकार डेव्हिड मिचेल हे हिरोशिमा येथे इंग्रजी शिकवीत. त्यांचा विवाह केइको योशिदा या जपानी स्त्रीशी झाला. त्यांचा मुलगा स्वमग्न. मुलाला समजून घेण्यासाठी आईने जपानी पुस्तके मागवली, त्यांत हे निघाले. पतीला आणि मुलाची देखभाल करणाऱ्यांना ते वाचता यावे म्हणून त्याचे भाषांतर घरातच सुरू झाले. २०१३ साली ते प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक भाषांत गेले. विद्वत्तेच्या हौसेने किंवा प्रकाशकाच्या मागणीने केलेले हे भाषांतर नव्हे. घरातला मुलगा भिंतीवर डोके का आपटतो, या प्रश्नातून ते निघाले. जपानी भाषा, मनाचा अभ्यास आणि स्वमग्नाची सोबत यांचा संगम यापेक्षा अधिक खरा कोठे मिळेल?

सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की या पुस्तकातील शब्द कितपत मुलाचे आणि कितपत साहाय्य करणाऱ्याचे, याविषयी अनेक मानसशास्त्रज्ञ साशंक आहेत. दुसऱ्याच्या आधाराने टंकित केलेला मजकूर नकळत आधार देणाऱ्याचाच निघतो, असे अशाच स्वरूपाच्या पद्धतींविषयी प्रयोगांनी दाखवलेले आहे. हिगाशिदांचे पाठीराखे म्हणतात की ते आता स्वतः अक्षरे दाखवतात. वाचकाने आदर आणि सावधपणा दोन्ही बाळगावे. मानसशास्त्राचे काम येथेच आहे. भाषेचा अभ्यासक वाक्याच्या सौंदर्याने भारावून जाईल, आईबाप आशेने भारावून जातील. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने शांतपणे विचारावे की हे कोण बोलत आहे? हा प्रश्न निर्दय वाटतो, पण दुसऱ्याचे शब्द त्या मुलाच्या तोंडी घालणे अधिक निर्दय होईल.

आता आजच्या विषयातील सर्वांत कठीण भागाकडे येऊ. जपानी भाषेत 'ओया नाकी आतो' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ, आईबाप गेल्यानंतर. अपंग मुलांच्या पालकांत तो इतका रूढ आहे की वाक्य पूर्ण करण्याची गरज पडत नाही. मराठी आईबाप हेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलतात : 'आमच्यानंतर याचे कसे?' समुद्रापलीकडच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाक्य घडवले. 'चौकट राजा' हा १९९१ सालचा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नंदूच्या आईची काळजी आठवत असेल. नंदू स्वमग्न नव्हे. पण वयाने वाढलेले आणि मनाने मूल राहिलेले लेकरू मागे ठेवून जाण्याचे भय तेच.

जपानने २००४ साली विकासात्मक अपंगत्व असलेल्यांच्या साहाय्याचा कायदा केला. तो २००५ पासून अमलात आला आणि प्रांताप्रांतांत साहाय्य केंद्रे निघाली. खाजगी आस्थापनांनी अपंगांना किती टक्के नोकऱ्या द्याव्यात, याचे बंधन तेथे आहे. २०२४ च्या एप्रिलपासून ते अडीच टक्के झाले. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथम कायद्यात स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत तिचा समावेश केला.

या कायद्यांतील एक गोष्ट प्रत्येक पालकाने जाणून घ्यावी. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते; आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती अशा कामी अडचण आली की मग धावपळ होते. राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. जेथे खरोखरीच गरज असेल तेथे ती पालक नेमते आणि पालकाने मालमत्तेचा हिशेब देणेही बंधनकारक असते. २०१६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. म्हणजे निर्णय त्या व्यक्तीला विचारून, तिच्यासह घ्यावयाचा. बुऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा या कामासाठी खंडव्यास जाण्याचीही गरज उरलेली नाही. न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही आहे. हे सारे कागदावर आहे. कागद आणि माणूस यांच्यामधले अंतर तोडण्यासाठी मात्र कोणीतरी माहितगार शेजारी लागतो.

महाराष्ट्रात पालकांनी स्वतः वाट काढल्याचे उदाहरण आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे. मतिमंद प्रौढांसाठी हे निवासस्थान त्यांच्या आईबापांनीच उभे केले. शिक्षक असलेले अविनाश बर्वे यांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. आपल्या एकट्याच्या मुलाची सोय करण्याऐवजी दहा घरांची काळजी एकत्र करून तिचे एक घर बांधावे, हा विचार त्यामागे आहे. जपानात काय किंवा खोणीत काय, पालकांच्या संघटनेतूनच असे काम उभे राहिले, हे ध्यानी घ्यावे.

येथे तरुण सभासदांना दोन शब्द. मानसशास्त्राची पदवी घेऊन काय करावे, जपानी शिकून काय करावे, हे प्रश्न पालक विचारतात आणि ते रास्त आहेत. महाराष्ट्रात जपानीच्या अध्ययनाची परंपरा आहे. पुण्यात रमेश दिवेकर यांनी ती रुजवली. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी 'तोत्तोचान' मराठीत आणले. आज बहुतेक विद्यार्थी कारखाना आणि संगणक यांच्या नोकरीसाठी ती भाषा शिकतात. त्यात गैर काही नाही. पण ज्याला माणसांची ओढ आहे त्याने या तिसऱ्या वाटेचा विचार करावा. मानसशास्त्र त्याला पुरावा तपासण्यास शिकवील. परकी भाषा त्याला नम्र करील, कारण ती शिकताना आपण वर्षानुवर्षे अडाणी ठरतो, चुकीचे बोलतो, विनोद झाला तरी हसू येत नाही. हाच अनुभव पुढे स्वमग्न माणसाशेजारी बसताना उपयोगी पडेल. या वाटेवर पैसा थोडा आणि दमणूक फार, हेही आधीच सांगितलेले बरे.

तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान' या १९८१ सालच्या पुस्तकात आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेली लहानगी तेथे येते आणि मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी तिचे बोलणे सलग चार तास ऐकतात. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती शाळा जळाली. ऐकून घेतलेले चार तास मात्र त्या मुलीच्या मनात राहिले आणि पुस्तक होऊन ते या ग्रंथालयांपर्यंत आले.

ग्रंथालय याहून वेगळे काय करू शकते? स्वमग्न प्रौढाला जे हवे असते ते येथे आधीच आहे : शांतता, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, क्रमांकाने लावलेली पुस्तके आणि बोललेच पाहिजे अशी सक्ती नसलेली सोबत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा त्यांतील दुसऱ्या नियमाचा आशय. त्यातील 'प्रत्येक' या शब्दात तो घुम्या म्हणून हिणवलेला माणूसही येतो. ग्रंथांच्या पाठीवर क्रमांक लावण्याचे, परत आलेली पुस्तके जागेवर ठेवण्याचे काम अनेकांना कंटाळवाणे वाटते. क्रमावर प्रेम करणाऱ्या माणसाला तेच काम आनंद देईल. आठवड्यातून दोन दुपारी अशा एखाद्या तरुणाला हे काम मानधनासह द्यावे, त्याला काय करायचे ते चित्रांनी लिहून द्यावे आणि 'नंतर बघू' असे त्याला कधी म्हणू नये. शताब्दीच्या निधीतून एवढे झाले तरी या गावातील एका आईची एक रात्र सुखाची जाईल.

लालबागेच्या परिसरात कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपणारे पाणी ओळखले आणि ते भुयारातून शहराकडे आणले. वरून पाहणाऱ्याला कोरडी जमीन दिसते. ठरावीक अंतरावर कुंड्या खोदलेल्या आहेत, म्हणून खाली पाणी वाहते आहे हे कळते. त्या जाणकाराने पाणी निर्माण केले नाही. ते तेथे आहे हे त्याने मानले आणि जागोजागी उघडून ठेवले. आपल्या ओळखीच्या एखाद्या अबोल, प्रौढ माणसाच्या बाबतीत एवढे मानणे तरी आपल्या हाती आहे.